शितावरून भाताची परीक्षा: माणूस ओळखायची तुमची खूण कोणती?

केळफूल
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतंच वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. सांभाळून घ्या.

भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. एक मुलगा बऱ्यापैकी जमत आलाय. नोकरी पुण्यात, मूळ घर साताऱ्याकडचं. पत्रिका, पगार, उंची सगळं पार पडलं. मागच्या रविवारी दोन्हीकडची मंडळी वाईला जमलो, मेणवलीचा घाट बघितला. त्यांच्याकडून मुलगा, त्याची बहीण आणि तिचे मिस्टर. आई आल्या नाहीत, गुडघे धरलेत म्हणाले.

परतताना चहा-वड्याला थांबलो. बिल मुलाने दिलं. गाडीत बसता बसता त्याच्या लक्षात आलं की दोन चहा बिलात लागलेच नाहीत. गुपचूप उतरला, गल्ल्यावर पैसे देऊन आला. बहिणीने खोदून विचारलं म्हणून कळलं, नाहीतर तो बोललाही नसता. भाऊजी तिथेच विरघळले. "झाली शितावरून भाताची परीक्षा, आता पुढे काही बघायचं नाही!"

पण त्याच्या दहा मिनिटं आधीचं दुसरं शीत माझ्याकडे आहे. मी हात धुवायला मागे गेले तर हा फोनवर. "आई, पंधरा वेळा सांगितलंय. पंधरा वेळा! ठेव आता." आवाज असा की नळ तसाच सोडून मी दचकून वळले. मला बघितल्यावर चेहरा एकदम गुळगुळीत.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. एक शीत शिजलेलं, एक कच्चं. तुम्ही कशावरून माणूस ओळखता? आणि मी ताईला सांगावं का?

अण्णा_डोंबिवली
रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहितो.

कुकरची_शिट्टी
हल्ली शीत दाबून बघतं कोण? तीन शिट्ट्या झाल्या की भात झाला. लग्नाचंही तसंच, साखरपुडा, हळद, अक्षता. आत काय शिजलंय ते झाकण पडल्यावर कळतं. (दिवे घ्या)

तिरफळ
ताईला नको, भाचीला सांगा. नांदायचं तिला आहे.

आणि माझं मत विचाराल तर गल्ल्यावरच्या दोन चहांना शून्य मार्क. बाहेरच्यांशी चांगलं वागायला काही लागत नाही. माझा पहिला नवरा आमच्या बिल्डिंगमध्ये देवमाणूस होता. लिफ्ट बंद असली की म्हाताऱ्या काकूंच्या पिशव्या चौथ्या मजल्यावर नेऊन द्यायचा. गणपतीत वर्गणीचा हिशेब पै-पैचा. आणि घरात? वरणात मीठ जास्त पडलं म्हणून अकरा दिवस माझ्याशी बोलला नव्हता. अकरा. मी कॅलेंडरवर मोजलेत. मी माहेरी निघून आले तेव्हा त्याच काकू मला समजवायला आल्या होत्या, "अगं इतका गुणाचा मुलगा".

माझी खूण एकच. ज्या माणसांना आपल्याला सोडून जाता येत नाही, त्यांच्याशी आपण कसे बोलतो.

केळफूल
@तिरफळ, वाचून पोटात कालवलं. शेवटची ओळ लिहून ठेवली.

सातबारा
शहरातल्या माणसांना वेटर दिसतो, वॉचमन दिसतो. आमच्याकडं एकच परीक्षा, बांध.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन शेतांच्या मधला बांध दोघांचा असतो. दरवर्षी नांगरट करताना गडी ट्रॅक्टर इतका खेटून घालतो की एक तास बांधातच जातं. एका वर्षात काही दिसत नाही. दहा वर्षांनी ज्या बांधावरून बैलगाडी जायची त्यावरून माणूस हात पसरून तोल सांभाळत चालतो. मग मोजणी, मग तालुक्याला भूमी अभिलेखच्या चकरा, मग खुणेचे दगड, मग रात्रीतून ते दगडसुद्धा चालायला लागतात. भावाभावांत बोलणं बंद झालेलं डोळ्यानं बघितलंय. मिळतं काय? चार सऱ्या ऊस.

आमचे एक चुलते असेच बांधकोरे. सप्ताहात वीणा धरायला पुढं आणि नांगराच्या वेळी आमच्या अंगावर. माझ्या वडिलांनी त्यांचं तोंड बघणं सोडलं होतं. आणि ज्या रात्री आईला पान लागलं (शहरवाल्यांसाठी: साप चावला), त्या रात्री आमच्या हाकेची वाट न बघता जीप काढून दारात उभा राहिलेला माणूस तोच. अंगात बनियन, पायात काही नाही. चाळीस किलोमीटर. आई वाचली.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बांध कोरला.

आता केळफूलताई, हे शीत शिजलेलं धरायचं का कच्चं?

बंडोपंत
वा, सातबारा! अशा प्रतिसादांसाठीच इथे येतो.

गोदाकाठ
"पुढच्या वर्षी पुन्हा बांध कोरला" वाचून मोठ्यांदा हसले आणि मग हसू येईना.

अण्णा_डोंबिवली
आलो. 31 वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी, त्यामुळे माझं विद्यापीठ म्हणजे चौथी सीट.

बाक तिघांचा. चौथ्याने टेकायचं ही लोकलची घटना, कुठे लिहिलेली नाही पण सर्वांना मान्य. चौथा येऊन नुसता उभा राहतो, काही बोलत नाही. तेव्हा तीन प्रकारची माणसं दिसतात. सरकणारा, न सरकणारा आणि सरकल्यासारखं करणारा. तिसरा सगळ्यात बेरकी. खांदे हलवतो, बॅग उचलून परत तिथेच ठेवतो, "अहो जागाच नाही" असा चेहरा करतो, पण बूड तसूभर हलत नाही. असे लोक पुढे सोसायटीचे सेक्रेटरी होतात.

गंमत पुढे आहे. आमच्या डब्यात न सरकणाऱ्यांचा एक मेरुमणी होता. ठाणं येवो, जग बुडो, हा मांडी फाकवून झोपलेला. आम्ही त्याला नावं ठेवून ठेवून थकलो. एका रविवारी दादरला फुलमार्केटपाशी बायको आणि म्हातारीसोबत दिसला. म्हातारीची चप्पल तुटली होती तर स्वतःची तिला घालून अनवाणी चालला होता, गर्दीत, चिखलात. नंतर कळलं की तो रात्रपाळी करून उलटा घरी जायच्याऐवजी दुसऱ्या नोकरीला निघालेला असायचा. आम्ही मात्र त्याला चार वर्षं "दगड" म्हणत होतो.

तिरफळ
अण्णा, छान लिहिलंय. पण बघा, तुम्हीही शेवटी घरच्यांशी कसा वागतो त्यावरच त्याला पास केलंत ;)

अण्णा_डोंबिवली
पकडलंत.

गुंता
मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाहीये. 1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा. प्रिन्स्टनमधले धर्मशिक्षण घेणारे 40 विद्यार्थी, म्हणजे पुढे पाद्री होऊ घातलेली मुलं. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्या. काहींना विषय दिला बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा. तीच ती, रस्त्यात पडलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवला होता.

कोण थांबलं? ज्यांना "उशीर झालाय, पळा" सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. दयेवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले.

त्याच्याही आधी, 1928 मध्ये, हार्टशोर्न आणि मे या दोघांनी शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या कितीतरी चाचण्या घेतल्या होत्या. परीक्षेत कॉपी करणारं मूल पैशांच्या बाबतीत चोख निघायचं आणि उलटही. "प्रामाणिक मूल" आणि "लबाड मूल" अशा दोन स्वच्छ रांगा काही लागल्या नाहीत.

म्हणजे भाताचं शीत चालतं, कारण पातेल्यातल्या सगळ्या तांदळाला एकच आच असते. माणसाला घरात एक आच, ऑफिसात दुसरी, हायवेवर तिसरी.

बंडोपंत
40 विद्यार्थ्यांवरून सगळ्या माणूसजातीचा निष्कर्ष? हीसुद्धा शितावरून भाताचीच परीक्षा की हो मॅडम!

गुंता
😄 मान्य. निदान 40 शितं तरी दाबली त्यांनी. भाऊजींनी एकच दाबलंय.

हिमबिंदू
जर्मनीतून. मध्यंतरी सगळीकडे फिरत होतं ना, की सामान गाडीत भरल्यावर रिकामी ट्रॉली जागेवर नेऊन ठेवतो तो चांगला माणूस. इथे ही परीक्षा घेताच येत नाही. ट्रॉलीच्या कडीत 1 युरोचं नाणं अडकवावं लागतं, परत लावली की नाणं परत. त्यामुळे सगळा देश सज्जन.

पण एक गोष्ट इथे बघून शिकले. प्लास्टिकची बाटली किंवा कॅन दुकानात परत केला की 25 सेंट मिळतात. ते गोळा करणारी गरीब, बरीचशी वयस्कर माणसं कचऱ्याच्या डब्यात हात घालून शोधत असतात. म्हणून काही लोक बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून जातात. कुणी बघत नाही, कुणी थँक्यू म्हणत नाही. माझ्या घरमालकीणबाई, भाड्याला एक दिवस उशीर झाला तर चिठ्ठी लावणाऱ्या, त्या हे न चुकता करतात.

मीठभाकर
पाकिटाचं कुणी लिहिलं नाही अजून? 2013 साली एका मासिकाने 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम पाडून ठेवली होती. हेलसिंकीत 11 परत आली, मुंबईत 9. दुसरा नंबर! लिस्बनमध्ये एकच परत आलं आणि तेही तिथे फिरायला आलेल्या एका डच जोडप्याने दिलं.

पेठेतला
पुण्यात टाकली नाहीत कारण इथे 1 ते 4 पाकीटसुद्धा विश्रांती घेतं.

कुकरची_शिट्टी
पुणेकर आले, आता धाग्याचा काश्मीर होणार.

गोदाकाठ
अवांतर: आमच्या आज्जीकडे जावयांची परीक्षा होती. पहिल्या दिवशी आमरस, दुसऱ्या दिवशी मुद्दाम आंबे चोखायला. आमरस सगळेच सभ्यपणे खातात म्हणायची. कोय चोखताना माणूस कळतो. बाबा म्हणे कोपरापर्यंत रस ओघळत होता आणि त्यांनी आज्जीकडेच आणखी एक आंबा मागितला. पास!

मला सासरचे बघायला आले तेव्हा आजेसासूबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात टाकली होती, "बोलता बोलता निवड गं". मी कोवळी देठं ठेवली म्हणून काटकसरी ठरले. खरं म्हणजे घाबरून हात चालत नव्हता. 22 वर्षं त्या गैरसमजावर संसार चाललाय.

बंडोपंत
हाहा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं एकापाठोपाठ एक सांगून ठेवली आहेत. शेजाऱ्यांवर खुणा करायच्या म्हणून पेन्सिल घेऊन बसलो होतो. "आपली आपण करी स्तुती" आलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

पेठेतला
एसटीचं हाफ तिकीट विसरलात. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. मी सहाचा असताना वडिलांनी बजावलं, कंडक्टरने विचारलं तर चार सांग. कंडक्टरने गाल ओढून विचारलं, मी ठणकावून सांगितलं, "आज चार, उतरल्यावर सहा!" अख्खी गाडी हसली. वडील शिक्षक होते. मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचे.

उंबरठा
हसरा धागा आहे, थोडं वेगळं लिहितोय.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. शाळा सुटली की मी तिच्याबरोबर, पायरीवर बसून अभ्यास. तीन घरांत चहा मिळत नव्हता, प्रश्नच नव्हता. चौथ्या घरात मिळायचा. त्या बाईंनी माझी बारावीची क्लासची फी भरली. नुसती भरली नाही, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आमच्या वस्तीत आल्या. त्यांच्या ओळखीतलं कुणीही तोवर आमच्या वस्तीत आलं नव्हतं.

आणि त्यांच्याकडे आईचा कप वेगळा होता. दांडा तुटलेला, मोरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आईने तो धुवायचा आणि परत तिथेच. बाकीची भांडी तीच घासायची बरं का. तिच्या हाताने घासलेल्या ताटात ते जेवायचे, पण तिचा कप त्यांच्या कपांत नको. मला नोकरी लागल्यावर पेढे द्यायला गेलो. मला हॉलमध्ये बसवलं, बशीसकट चांगला कप दिला. आई सोबत होती. ती सवयीने मोरीकडे गेली आणि आपला कप घेऊन आली. बाईंनी तिला थांबवलं नाही.

मी त्यांना वाईट म्हणत नाही. चांगलं म्हणायलाही जीभ रेटत नाही. वीस वर्षं झाली, निकाल लागलेला नाही.

गोदाकाठ
निःशब्द.

सातबारा
दादा, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

तिरफळ
@उंबरठा, यावर काही लिहावं असं सुचत नाही. परत परत वाचलं.

मुक्काम_पोस्ट
उंबरठा यांच्या प्रतिसादानंतर परत स्थळाकडे वळणं बरं वाटत नाही, पण केळफूलताईंना उत्तर हवं आहे म्हणून लिहिते.

ताई, एक गोष्ट खटकली. त्या मुलाने पंधरा वेळा काय सांगितलं होतं?

माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. सकाळी आठला विचारतात, आज वार कोणता. सव्वाआठला विचारतात. आठ-वीसला विचारतात. सातव्यांदा मी छान उत्तर देते, अकराव्यांदा दात-ओठ खात देते आणि पंधराव्यांदा ओरडते. मग न्हाणीघरात जाऊन रडते. त्यांच्या लक्षातही राहत नाही मी ओरडले ते, आणि तेच जास्त लागतं. कुणी भिंतीआडून फक्त पंधरावी वेळ ऐकली तर मी राक्षसीण.

असंच असेल असं म्हणत नाही. तो साधा उर्मट असू शकतो. पण आई आल्या नव्हत्या आणि कारण गुडघे सांगितलं. जरा विचारा.

तिरफळ
शक्य आहे. पण मग लपवलं का? "गुडघे" का?

मुक्काम_पोस्ट
कारण स्थळ मोडतं, तिरफळताई. माझ्या भावाची दोन मोडली आहेत.

अण्णा_डोंबिवली
केळफूल कुठे गेल्या? धागा पेटवून पसार.

कुकरची_शिट्टी
वाफ जिरायची वाट बघताहेत.

केळफूल (पाच दिवसांनी)
आहे, आहे. घरात गोंधळ चालू होता.

तिरफळचं ऐकून ताईला नाही, भाचीला सांगितलं. तिने त्याला सरळ फोन लावला आणि विचारलं, "तू आईवर ओरडतोस का?" आमच्या वेळी असं विचारायची छाती नव्हती. तो म्हणाला, "हो. दिवसातून तीन-चार वेळा." त्या दिवशी त्या विचारत होत्या की बाबा कुठे गेलेत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली आहेत. तो दर वेळी "बाहेर गेलेत, येतील" सांगतो, आणि त्या परत फोन करतात.

मुक्काम_पोस्ट, तुमचा प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला. ती गप्प झाली. मग म्हणाली, ओरडतो ते मला चालेल की नाही माहीत नाही, पण गुडघे सांगितलं ते मला अजिबात चाललेलं नाही. तेही तिने त्याला ऐकवलं. ती या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे, एकटी, दिवसभर. ताई-भाऊजींचा थयथयाट चालू आहे, आजाराचं कळल्यापासून भाऊजींना ते दोन चहा आठवेनासे झालेत. पुढचं तिचं ती बघेल.

पण खरं लिहायला आले ते वेगळंच. हे सगळं बोलून झाल्यावर भाची मला म्हणाली, "मावशी, पहिल्यांदा तो आपल्याकडे आला होता ना, तेव्हा तू कांताबाईंना ओट्याखालच्या त्या स्टीलच्या पेल्यात चहा दिलास. तो तिथेच पाणी प्यायला आत आला होता. त्यानेही पाहिलं असेल."

तोपर्यंत मी उंबरठा यांचा प्रतिसाद तीनदा वाचून दोनदा डोळे पुसले होते. आणि पेला माझ्याच ओट्याखाली.

गोदाकाठ
केळफूल, हे इथे लिहिलंत, मानलं.

उंबरठा
वाचलं.

मीठभाकर
माझ्याकडे मग आहे. वेगळा. आत्ता उठून बघून आले.

मुक्काम_पोस्ट
भाचीला सांगा, दिवसभर जाणार असेल तर दुपारची झोप झाल्यावर त्यांच्याशी बोलायला बस. संध्याकाळी दिवे लागले की घाबरतात, तेव्हा प्रश्न वाढतात.

केळफूल
सांगते. मनापासून आभार.

अण्णा_डोंबिवली
ताई, पेल्याचं पुढे काय झालं?

केळफूल
दुसऱ्या दिवशी आमच्या सेटमधला कप काढला, बशीत ठेवला, बाहेर टेबलावर बोलावून कांताबाईंना दिला. मी पण समोर बसले. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वैनी, आज कुणी पाव्हणं येनार हाये का?" मग दोन घोटांत संपवला आणि म्हणाल्या, "ह्यात मावतोय किती. बसते मी हितं, पर उद्यापास्नं चहा पेल्यातच द्या."

कुकरची_शिट्टी
मग आता?

केळफूल
आता दोघी पेल्यात पितो. चटका बसतो.

पेठेतला
पदराने धरा.